सोयरीक आणि मिसाईलचा टप्पा

इंजिनाच्या वर्कशॉपात दोन गोष्टी न मागता साचतात. एक जळकं ऑइल, दुसरे किस्से. जळकं ऑइल निदान बंडीवाले चाकाला वंगण म्हणून डबे भरून नेतात. किस्से कोणी नेत नाही. ते कोपऱ्यात पडून राहतात, वर धूळ बसते, आणि म्हातारपणी त्यांच्यावरूनच आपला पाय घसरतो.

मी बोलतो, नात लिहिते. ती मधेमधे शुद्ध करायला जाते, मी परत बिघडवतो.

माझी शाळा तिसरीत सुटली. अक्षरं माझ्यासमोर आली की एकमेकांचे हात धरून उभी राहतात, सुटी होत नाहीत. आकड्यांचं तसं नाही. गेजवरचा, मापपट्टीवरचा, पिस्टनवर ठोकलेला, मराठी असो का इंग्रजी, आकडा मला हातभर लांबून कळतो. पोटापाण्याला तेवढं पुरलं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मग मधे कोणी विचारायचं नाही.

अमरावतीला राजापेठेत गफूर मिस्त्रीचं वर्कशॉप होतं. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्तीला यायची. गफूर मालक आणि मी फिटर. पगार तो द्यायचा, शिव्या मी द्यायचो. असं वीस वर्षं नीट चाललं.

दुपारच्या चहाला आणखी दोन माणसं ठरलेली. एक धांडे मास्तर, हायस्कुलात सायन्स शिकवायचे. दुसरे जोशी गुरुजी. लग्नं लावायचे, जमवायचेसुद्धा. त्यांच्या संत्र्याच्या बागेतलं इंजिन वर्षातून दहा महिने आमच्याकडे मुक्कामाला असायचं, म्हणून गुरुजीही असायचे.

पासष्ट सालची लढाई नुकतीच थांबली होती. गावात ज्याला सायकलचं पंक्चर काढता येत नव्हतं तोही विमानावर बोलायचा. आमच्या चहात तर दुसरा विषयच नाही. शत्रूकडे अमेरिकेचं मिसाईल आहे, ते इंजिनाच्या तापामागे आपलं आपण जातं. आपल्याकडे रशियाचं आहे. कोणाचं लांब जातं, कोणाचं नेमकं जातं, यावर कपबशा आपटायच्या.

घरी पेपर माझी पोरगी कुसुम वाचून दाखवायची. सातवी पास. मी जेवायचो, ती दारात उजेडाला बसून वाचायची. एके दिवशी तिनं वाचलं, त्या अमेरिकन मिसाईलचा टप्पा तीन मैल.

मी म्हटलं, "तीन मैल म्हंजे इथून बडनेऱ्याच्या अर्ध्या वाटंत." आणि भाकर खाल्ली. मला काय त्याचं. तेव्हा सोयरिकीचं काहीच नव्हतं.

*

पुढच्या आठवड्यात जोशी गुरुजींनी कुसुमसाठी स्थळ आणलं. अकोटचे नथ्थूजी, त्यांचा थोरला वसंत. पोरगा हवाईदलात. सामान वाहणाऱ्या विमानावर इंजिनं बघायचं काम. विमान उडालं की हाही वर.

"लढाईचं विमान नाही, किसनभाऊ," गुरुजी म्हणाले. "धान्य नेतं, औषधं नेतं, ब्लँकेटं नेतं."

मी म्हटलं, "मिसाईलले काय मालूम आत ब्लँकेटं हायेत का बाँब?"

गुरुजी त्या दिवशी उठून गेले. पण मागे हटणारा माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी दोन्ही पत्रिका घेऊन आले. छत्तिसातले अठ्ठावीस गुण जुळतात, आणि मुलाचा मंगळ असा बसला आहे की आगीपासून भय नाही.

मी विचारलं, "थो मंगळ कितीक मैलावर हाय?"

"ते मैलात नसतं हो."

"मिसाईलचं मैलात असते. तुमी मले दोन्ही एका मापात आणून द्या, मग बोलू."

गफूर इंजिनाखाली झोपून नट काढत होता. तिथूनच बोलला, "गुरुजी, ये ऐसाच है. याच्या लग्नाच्या टायमाले यानं सासऱ्याले विहिरीची खोली पुसली होती."

ते खरं आहे. सासऱ्यानं सांगितली ती खोली दोरी सोडून मी मोजलीसुद्धा. सात हात कमी निघाली.

*

मग मी अटच घातली. शत्रूचं मिसाईल कितीक लांब येतं आणि कशाच्या भरवशावर येतं, हे मला समजल्याशिवाय पोरगी देणार नाही. मास्तर म्हणाले, टप्प्याचं नंतर बघू, आधी ताप कसा ओळखतं ते दाखवतो.

वर्कशॉपात एक बोका होता. हिवाळ्यात नुकत्याच बंद केलेल्या इंजिनावर जाऊन झोपायचा. मास्तरांनी तीन इंजिनं ओळीनं लावली, मधलं एकच अर्धा तास चालवलं, बंद केलं आणि तिन्हींवर पोती टाकली. बोक्याला सोडलं. तो दोन पावलं चालला, नाक वर केलं आणि सरळ मधल्याकडे गेला. गेला तोही सायलेन्सरच्या बाजूनं.

"बघा," मास्तर म्हणाले, "मागून आला. हे मिसाईल मागूनच लागतं. तोंडाकडून त्याला ताप दिसत नाही."

गफूरनं काय करावं? चहाची पेटती शेगडी उचलली आणि बोक्याच्या पलीकडे नेऊन ठेवली. बोका उठला, आळस दिला, शेगडीपाशी जाऊन बसला.

"किसनभाई, दामाद को बोलो, विमानाच्या शेपटीले शेगडी बांध."

आम्ही हसलो. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "सूर्याकडे तोंड झालं तर ते सूर्याच्याही मागे जातं म्हणतात. शेगडीत काही खोटं नाही."

तोच प्रयोग मास्तरांनी पुढे वैशाखात दोन पाहुण्यांना दाखवायला घेतला. इंजिन चालवलं, पोती टाकली, बोक्याला सोडलं. बोक्यानं इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. पाण्याच्या माठाखाली ओल होती, तिथं जाऊन पसरला.

गफूर म्हणाला, "म्हंजे अकोल्याच्या उन्हात सोडलं तं मिसाईल माठाखाली जाऊन बसन."

*

दुसऱ्या जातीचं मिसाईल असतं. ते तापामागे जात नाही. ज्या विमानातून सोडलं त्यानं लांबवर एक किरण धरून ठेवायचा आणि मिसाईलनं त्या किरणावरून चालत जायचं. मास्तरांनी हे तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा गफूर म्हणाला, समजलं नाही.

मग मास्तरांनी घरून टॉर्च आणला. मागच्या गोदामाला खिडकी नव्हती, भरदुपारीही अंधार. मास्तर झाले विमान. गफूर झाला मिसाईल. मी शत्रू, हातात बादली घेऊन हळूहळू चालायचं. टॉर्चचा झोत माझ्यावर राहील आणि गफूरनं जमिनीवर नजर ठेवून झोताझोतानं यायचं, इकडेतिकडे बघायचं नाही.

छान चाललं होतं. गफूर माझ्यापासून चार पावलांवर आला. तेवढ्यात बाहेरून हाटेलवाला बोलला, "चहा आला जी."

मास्तर दाराकडे वळले. टॉर्चही वळला. मिसाईलही वळलं. जळक्या ऑइलचं अर्धं कापलेलं पिंप दाराशीच होतं. गफूर त्यात गुडघ्यापर्यंत गेला.

मास्तर घाबरले. "अहो मिस्त्री, पिंप दिसलं नाही का?"

"दिसलं जी," गफूर पिंपातूनच म्हणाला. "पण तुमी म्हटलं होतं, इकडेतिकडे पाहायचं नाही."

मला त्या दिवशी एक गोष्ट पक्की समजली. ज्या मिसाईलला मालकाचं लक्ष लागतं त्याला भ्यायचं कारण नाही. मालकाला चहा येतोच. भ्यायचं ते मागे लागणाऱ्या एकट्याला. आणि शत्रूकडे नेमकं तेच होतं.

*

अकोटला बैठकीला जायचं ठरलं. बडनेऱ्याहून गाडीनं अकोला, तिथून एसटी. मी, गुरुजी आणि गफूर. गफूर माझ्याकडून वडीलधारा म्हणून येत होता. वयानं माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण दाढी होती.

बडनेऱ्याला गाडी उभी होती. आम्ही दोघं बसलो. गफूर सुरई घेऊन नळावर गेला. गाडी हलली तेव्हा तो आमच्या डब्यापासून दहा पावलांवर होता.

उभ्या गाडीला दहा पावलं म्हणजे काही नाही, म्हातारी बाईसुद्धा चढते. गफूर धावला. चांगला धावला. सुरई काखेत, एक जोडा मागे राहिलेला. पण गाडीनंही जोर धरला. मी दारात उभा राहून बघत होतो. दहाची आठ झाली, सहा झाली, मग सहाच राहिली, मग परत दहा झाली, आणि प्लॅटफॉर्म संपला.

तो मागच्या गाडीनं आला. अकोल्याच्या एसटी स्टँडवर त्याची वाट पाहत आम्ही तीन तास बसलो. आला तसा मी त्याला सांगितलं, "गफूर, मले आज समजलं. टप्पा मिसाईलचा नसते. पुढचं कितीक जोरात पळून राहिलं, त्याचा असते. उभ्यासाठी येगळा, पळत्यासाठी येगळा."

त्यानं सुरई खाली ठेवली. "तू दारातच उभा होता?"

"होतो."

"मंग चेन काहून नाही ओढली?"

"मी पावलं मोजून राहिलो होतो."

अकोटपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. मला तेच पाहिजे होतं, कारण मी विचार करत होतो. सामानाचं विमान पळत नाही. सामानाचं विमान बंडीसारखं चालतं.

*

नथ्थूजींच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. शेजारच्या जिनिंगमधून सरकीचा वास येत होता आणि कापसाचे पुंजके उडून पाहुण्यांच्या टोप्यांवर बसत होते. नथ्थूजी भारदस्त माणूस. पाणी झालं, पोहे आले. ते म्हणाले, "पुसा जी, काय पुसायचं थे. आमच्याकडं झाकपाक नाही."

मी विचारलं, "पळते कितीक?"

"बैलजोडी? एक नागोरी हाय, एक—"

"विमान."

सगळी सतरंजी माझ्याकडे पाहायला लागली. गुरुजींनी माझा सदरा मागून ओढला.

नथ्थूजी म्हणाले, "काळी बारा एकर हाय. विहीर बारमाही. इंजिन हाय. याच्यातलं काही पुसा."

"विहिरीच्या इंजिनाच्या मांगं कोणी मिसाईल सोडत नाही, नथ्थूजी. विमान कितीक पळते अन् मांगून थे मिसाईल कितीक लांबून येते, तेवढं सांगा."

"थे सरकारचं हाय, माहं नाही." मग गुरुजींकडे वळून हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गुरुजी, हा पोरीचा बाप हाय का दुश्मनाचा हेर?"

हशा झाला. मीही पोहे खाल्ले. तेवढ्यात आतल्या दारामागून पोराची आई बोलली.

"पाहुण्याईले हासू नका. मी बी पोराले हेच पुसत असतो. थो सांगत नाही."

हसणारे आपापल्या बशीत बघायला लागले. निघताना नथ्थूजींनी वसंतचा एक फोटो दिला. तो मी घरी नेऊन दिव्याच्या कोनाड्यात ठेवला. दोन दिवसांनी पाहिला तर कोनाड्यात नव्हता. मी विचारलं नाही.

*

याच दिवसांत मिसाईलला काय झालं कळेना.

पहिल्यांदा कुसुमनं वाचलं होतं तीन मैल. गुरुजींनी स्थळ आणलं त्यानंतरच्या पेपरात दोन झाले. अकोटहून आलो, फोटो कोनाड्यातून गेला, त्या आठवड्यात पेपरात दीड. मी वर्कशॉपात येऊन सांगितलं, "मास्तर, दीडच हाय. तुमी तीन तीन लावून बसले."

मास्तर म्हणाले, "किसनभाऊ, मीही तोच पेपर वाचतो. तीनच आहे."

"माही पोरगी खोटं वाचते काय?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"मंग तुमचा चष्मा पाहून घ्या."

पंधरा दिवसांनी दीडचा एक झाला. मी कारणसुद्धा शोधून काढलं. विलायती माल, ठेवल्या ठेवल्या उतरत असेल, बॅटरी नाही का उतरत? हे मी मास्तरांना पटवायला गेलो. मास्तर म्हणाले, बॅटरी उतरली तरी पेपरात छापत नाहीत. मी त्यांना म्हटलं, तुम्ही पोरांना काय शिकवत असाल ते दिसतं. ते चहा अर्धा ठेवून उठून गेले, आणि आमचं बोलणं बंद झालं.

गफूर कपातला चहा बशीत ओतत बसला होता. फुंकर मारून म्हणाला, "किसनभाई, माह्या घरचं लुगडं पहिल्या धुण्यात वीतभर आटते. मंग नाही आटत. तुह्या घरी हे मिसाईल रोज कोण धुऊन राहिलं?"

मी त्याला एक शिवी दिली. नात ती लिहीत नाही.

*

चैत्रात वसंत रजेवर आला. रीत अशी की पोरानं चार माणसं घेऊन पोरीच्या घरी यायचं. हा एकटाच एसटीनं आला आणि सरळ वर्कशॉपात. सावळा, बारीक, नखांत ग्रीस. ते मला आवडलं. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

तेव्हा गुरुजींचं इंजिन चालू होतं आणि आतून ठोका येत होता. मी आठ दिवस सांगत होतो की पिस्टनची पिन गेली. वसंतनं स्क्रू फिरवायचा पेचकस घेतला, टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"पिन नाही, मामा. खालचं बेअरिंग."

"आठ दिवसापासून मी ऐकून राहिलो."

"होय जी."

उघडलं. बेअरिंग होतं. त्या दिवशी मी चहा घेतला नाही.

मग त्याला लाकडी खोक्यावर बसवून विचारलं. विमान किती पळतं? ते सांगता येत नाही, मामा. मिसाईल किती लांबून येतं? तेही सांगता येत नाही.

"मंग तुले सांगता काय येते?"

"विमानाच्या दोन इंजिनांपैकी कोणतं बंद पडणार हाय, ते दहा मिनिटं अगोदर सांगता येते."

"भेव लागते?"

गफूर, गुरुजी, सगळे ऐकत होते. असल्या जागी पोरं छाती काढतात. हा पेचकस पुसत होता.

"लागते. ठोका बदलला का लागते. मिसाईल मागून येते, मामा, थे दिसतच नाही. जे दिसत नाही त्याचं भेव कधी धरावं?"

तेवढ्यात कुसुम माझा डबा घेऊन आली. डबा रोज सकाळी मी स्वतः आणतो. त्या दिवशी तो घरी कसा राहिला, मला अजून माहीत नाही. पाच मिनिटं उभी राहिली, डबा ठेवला, गेली. वसंतनं पुसून झालेला पेचकस परत पुसायला घेतला.

त्या संध्याकाळच्या वाचनात टप्पा अर्धा मैल.

*

आता शेवटचा किस्सा.

गुरुजींनी सांगितलं, नथ्थूजी आणखी थांबणार नाहीत. दर्यापूरकडचं दुसरं स्थळ त्यांच्या दारात बसलं आहे. उद्या सकाळी हो किंवा नाही.

त्या दिवशी मास्तर महिन्याभरानं वर्कशॉपात आले. खिशातून पेपरचं एक कात्रण काढलं आणि माझ्या हातात दिलं. "भांडण नको, किसनभाऊ. हा कागद घ्या. दोन्ही बाजूंचं मिसाईल आहे यात, टप्पा, नेम, सगळं. घरी वाचून घ्या." आणि चहा न घेता गेले.

मी राजापेठेतून घरी चाललो. वाटेत उजेडात कात्रण काढलं. अक्षरं नेहमीसारखी हात धरून उभी होती. पण मैल हा शब्द मी रस्त्यावरच्या दगडांवर इतक्या वेळा पाहिला आहे की तो मला जोडाक्षरांच्या गर्दीतूनही ओळखू येतो. त्याच्या आधी आकडा होता. तीन. छापील, स्वच्छ, आमच्या मापपट्टीवर असतो तसा. खाली आणखी एक ओळ, तिथंही मैल, तिथंही तीन. म्हणजे त्यांचं तीन आणि आपलंही तीन. दोघांचा हिशेब सारखा, आणि मधून बंडीसारखं चालणारं सामानाचं विमान.

मी रात्रीच ठरवलं. नाही म्हणायचं. दर्यापूरवाल्यांनी करावा तो जावई.

सकाळी कुसुमची आई बडनेऱ्याला बहिणीकडे गेली होती. कुसुम चुलीपाशी भाकरी थापत होती. मी पाटावर बसलो. गुरुजी यायला अर्धा तास होता.

मी म्हटलं, "मास्तरनं कागद देला हाय. वाच."

"हात पिठाचे हायेत, बाबा. इकडं धरा."

मी कात्रण तिच्या तोंडासमोर धरलं. धरताना अंगठा नेमका त्या ओळीखाली आला. वर तीनचा आकडा, खाली माझं नख. नखात ग्रीस होतं, त्यामुळे आकडा आणखीच उठून दिसत होता.

तिनं वाचायला सुरुवात केली. तापामागे जातं, मागून लागतं, हे सगळं बरोबर वाचलं. मग त्या ओळीवर आली आणि थांबली. आधी आकड्याकडे पाहिलं. मग माझ्या अंगठ्याकडे. मग माझ्याकडे. तव्यावर भाकर फुगत होती.

माझ्याकडेच बघत तिनं वाचलं, "टप्पा पाव मैल."

"पाव?"

"पाव, बाबा."

"नीट पाय."

"पाह्यलं. पावच हाय."

मी कात्रणाची घडी केली. आणखी एक घडी केली. वाकून ते चुलीत, लाकडाच्या खाली सारलं. कडा काळ्या झाल्या, मग मधलं जळालं.

"पाव मैलाले काय भ्यायचं," मी म्हटलं. "गुरुजी आले का सांगजो, तारीख काढा म्हणा. अन् भाकर पलट, करपून राहिली."